राजाच्या कानामागची खाच

— नाय गं, तसं नको धरू, बोटाचा घाम लागतो. कडेनं धर. हां. आता बस त्या स्टुलावर, पंखा लावतो. चौक गावच्या सोनारानं पाठवली ना तुला इकडं खोपोलीच्या शिळफाट्याला? त्याला चांदी कळते, नाणं नाय कळत. मला कसं कळतं म्हणतेस? तीस वर्षं खोपोलीत ओतकामाच्या कारखान्यात काढली मी. ओतलेलं काय नि ठोकलेलं काय, बोट फिरवलं की सांगतो. आता हे वजनकाटे दुरुस्त करतो — म्हणजे बाहेर पाटी तशी हाय, गिऱ्हाईक कुठंय? बॅटरीवाले काटे आले, बिघडले की फेकून देतात. आज आठवड्यातनं पहिलं माणूस तू आलीस.

तर हा रुपया. एकोणीसशे एकोणचाळीसचा. वडलांच्या साठीला ऑनलाइन लिलावात बोली लावून घेतलास, आणि वडीलच म्हणाले आधी कुणाला तरी दाखव. शहाणा माणूस. रूपाली ना नाव तुझं? रूपाली, खोटा हाय हा. बघूनच कळलं मला, तू पुडी सोडलीस तवाच. घे, पाणी पी.

असले खोटे मी रोज पकडतो. खरंच. बायको गेल्यापास्नं हाच उद्योग — सकाळी चहा झाला की मोबाईल घ्यायचा, लिलावाची पानं उघडायची, फोटो मोठे करून बघायचे. खरं नाणं ठशानं ठोकतात, खोटं साच्यात ओततात; ओतलेल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, कडेला साच्याच्या सांध्याची रेघ असते, अक्षरं अशी सुजल्यावानी दिसतात. दिसलं की तक्रार टाकायची. दीडेकशे तरी टाकल्या असतील. कुणी आभार मानतं? छे! इकडून मशीनचं उत्तर येतं, तिकडून विकणाऱ्याची शिवी. मुलगी पुण्याला असते, हर्षला, ती म्हणते, बाबा, कशाला नसते उद्योग? रविवारी फोन करते. म्हणजे करायची. आता महिन्यातनं एकदा.

एकानं मात्र शिवी नाय दिली. विकास नाव लावायचा, खरं काय देव जाणे. मी त्याचं नाणं पकडलं तर लिहितो कसा — काका, माझीच फसवणूक झाली, तुमी कसं ओळखलंत, मला शिकवा. मी शिकवलं. फोटोवर खुणा करून पाठवायचो — ही बघ रेघ, हे वजन बघ, खऱ्याचं साडेअकरा ग्रॅमच्या वर भरतं, ही अक्षरं बघ. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज, काका, जेवलात का? काका, गुडघा कसा हाय? आता सांग, मला गेल्या तीन वर्षांत कुणी विचारलं हुतं जेवलात का म्हणून? खानावळीचा डबा यायचा, तो मी फोटो काढून त्याला दाखवायचो. वेड्यासारखं. हसू नको.

मग त्याची नवी नाणी आली लिलावात. वजन बरोबर. कडेची रेघ गायब. अक्षरं धारदार. मी शिकवलेलं एकेक दुरुस्त केलेलं! म्हणजे फसलेला नव्हताच तो, बनवणाराच हुता — किंवा बनवणाऱ्यांचा माणूस. पण एक गोष्ट राहिली त्याची. ज्या खऱ्या रुपयावरनं साचा काढला त्याला वरच्या राजाच्या चित्रात कानामागं बारीक खाच हुती. ती सगळ्या नाण्यांवर उतरली, त्याच जागी, तशीच. हे भिंग घे, बघ. दिसली? पाच वेगवेगळ्या नाण्यांना एकच जखम कशी होईल? हे मात्र मी त्याला सांगितलं नाय.

का म्हणजे? हुशारी म्हणून नाय गं. सगळं सांगून टाकलं तर उद्या तो कशाला विचारील मला?

तक्रार? ... नाय केली. गणपतीत कळलं मला, पण नाय केली. तक्रार केली की त्याचं खातं बंद, मेसेज बंद. म्हटलं, उद्या करू. मग म्हटलं, दसरा जाऊ दे. एक नाणं विकलं गेलं, दोन गेली, मी बघत हुतो, बोली वाढताना. घेणारी माणसं कुठली, कोण, काय माहीत — पडद्यावर नुसती नावं असतात ना, माणूस वाटतच नाय. तू कधी घेतलास हा?

दिवाळीच्या आधी म्हणतेस.

हां.

थांब, पुडी बांधू नको.

आण तुझा रुपया, भिंगाखाली ठेव, फोटो काढतो. हे बाकीच्या चार नाण्यांचे फोटो, एकाखाली एक. त्याचे माझे सगळे मेसेज पण जोडतो, मी काय काय शिकवलं ते सुद्धा — असू दे, वाचू दे त्या लिलाववाल्यांना. तुझे पैसे मागायला ह्याच कागदांचा उपयोग होईल, प्रती देतो तुला, पोलिसांत पण दे. खाली नाव लिहितो माझं, सदाशिव, आणि फोन नंबर. चौकशीला बोलावलं तर येईन म्हणावं. हे बघ, दाबलं बटण.

गेली तक्रार.

आता ऊठ तू. पळसदरीला जायचंय ना, कोपऱ्यावर कर्जतची टमटम लागलेली असंल. नाय, चहा नाय हाय माझ्याकडं. जा म्हणतो ना. जा.