चराच्या पलीकडची कोप

लातुरात हाडाच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर आमच्या गावची सिंधु होती; तिचे सासरे आत दाखल होते. तिची धाकटी जाऊ पुनम गावाकडून आली आणि तिला खेटून बसली.

"अक्का, मामा कसे हायत?"

"खुब्याचं हाड मोडलंय. आपरेशन सांगितलंय."

"पाणी निघून जावं म्हणून वावराच्या मधून चर खांदला होता हो आमच्यांनी."

"अन् तुझ्या भाऊजींनी त्यालाच हद्द धरलं. येळवशीच्या सणाला, रानातल्या पूजेसाठी, एका बापाच्या वावरात कडब्याच्या दोन कोपी झाल्या."

"मामा तुमच्या कोपीत जेवले होते का?"

"घास बी न्हाई. म्हणले, आधी धाकल्याला अंबील देऊन येतो. मडकं घेऊन तसेच चरात उतरले."

"आम्ही बी त्यांचंच पान वाढून बसलो होतो."

"बरं झालं, गडी माणसं पोचायच्या आधी तू धावून आलीस. मला एकटीला वर काढून कोपीपर्यंत आणता आलं नसतं."

"भाऊजींना कळलं का, चरात पडले म्हणून?"

"न्हाई. मामांनी सगळ्यांना सांगितलं, थोरल्याच्या कोपीपाशी ढेकळात अडखळलो."

"अन् धोतर?"

"अंबिलीनं अन् मातीनं भरलेलं होतं. इथं आल्या आल्या नळाखाली धुतलं मी."

पुनम आणखी जवळ सरकली.

"मी बी मडक्याच्या खापऱ्या चरातून येचल्या, अक्का. तुमच्या कोपीपाशी नेऊन टाकल्या."