कॅमेऱ्याचं जू

गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणं लोकांना सोपं वाटतं. मी आमगावला लग्नाचे फोटो काढायचो तेव्हा नवा मोठा डिजिटल कॅमेरा घेतला होता. एका सीझनमध्येच मानेवर पट्ट्याचा काळा वळ पडला. पट्ट्याला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, तर ती घामानं भिजून आणखीच घासायला लागली. मग पट्टा खांद्यावरून तिरपा घातला. पंगतीचा फोटो घ्यायला वाकलो, तर कॅमेरा झुलून नवरदेवाच्या बापाच्या द्रोणाला लागला आणि वरण त्यांच्या नव्या धोतरावर. ते एवढंच म्हणाले, "आता याचाबी फोटो काढ." कॅमेरा परत गळ्यात आला.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझे वडील, बाबूजी, गोठ्यात बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते. वर्षभर जू वाहतात म्हणून. चोळून झाल्यावर रिवाजाप्रमाणे बैलांना म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग माझ्याकडं बघितलं. "मान काऊन वाकडी करून राह्यला?"

"कॅमेऱ्यानं."

"बस इथं."

बैलांच्याच वाटीतलं उरलेलं हळद-तूप त्यांनी माझ्या मानेवर चोळलं. बरं वाटलं. मी म्हटलं, "बाबूजी, मलेबी आवतन द्या ना."

"तुले कायले?" हात पुसत ते म्हणाले. "उद्या बैलाच्या मानेवर जू नाही राहत. तुले त पोळ्याचे फोटो काढाले जा लागते."