त्यात काय एवढं, धागा सैल सोडला!

...अहो, पण सुनावणीत मला तोंड उघडायचंच नाही अशी ताकीद! तुम्हाला सांगतो, माझ्या सख्ख्या भावाच्या अकलेचा निकाल लागतोय आणि मी मुकाट बसायचं? वहिनीनं माझी बाही घट्ट धरलेली, आमच्या वकीलबाई डोळे वटारतायत. दादा जाऊन महिना नाही झाला, त्याच्या चपला अजून दारात आहेत, आणि समोर त्या बड्या कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणतोय, 'त्यात काय एवढं? हे कुणालाही सुचलं असतं!'

कुणालाही म्हणजे? मला नाही सुचलं! मी तर रोज त्याच मशीनवर होतो! मातीत विरून जाणारा धागा आधीपासून होता हो, पण ओढला की तटकन तुटायचा. दादा ओढता ओढता मध्येच थांबला, धागा जरा सैल सोडला, मग पुन्हा ओढला... आणि तुटेचना! त्याचं पेटंट घेतलं. आता कंपनी म्हणते, रद्द करा, हे तर उघडच होतं. त्यात काय एवढं!

बरं, एक तज्ज्ञ आणावा ना? नाही, दोन आणले! एक टकलू, एक दाढीवाला. दोघंही माना डोलावतायत, 'त्यात काय एवढं, त्यात काय एवढं!' माझं डोकंच फिरलं. उठलो, तर वहिनीनं बाही अशी खेचली की शिवण उसवली!

तेवढ्यात निकाल देणाऱ्या बाईंनी चष्मा काढला. 'हे पेटंट यायच्या आधी तुमचाही धागा तुटत होता ना? तेव्हा काय केलंत?'

टकलू म्हणाला, 'उष्णता वाढवली. उघडच आहे.'

'वाढवली?' दाढीवाला ताडकन उठला. 'अहो, लगदा होईल त्याचा! कमी करायची, हे उघड आहे!'

'कमी? काडीसारखा मोडेल!'

'तुमचा मोडत असेल!'

वकील बिचारा याला बसवतोय तर तो उठतोय...

बाई म्हणाल्या, 'मग सैल का नाही सोडलात?'

दोघंही आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पेटंट राहील. राहिलं हो! हुश्श! बाहेर येऊन बाकावर बसलो आणि सवय बघा... फोन काढला आणि लावला दादाला! वाजला कुठे? शेजारीच, वहिनीच्या पर्समध्ये. रोज चार्ज करून ठेवते म्हणे. वाटलं, आता ही रडणार, नाहीतर मला झापणार. तिनं शांतपणे उचलला, कानाला लावला.

'हं, बोला भावोजी.'

आता काय करणार... एकाच बाकावर बसून, सांगितलं सगळं फोनवर.