अण्णांचं उघडं डोकं

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहात त्यांनी पुढं या, सतरंजी मोकळी आहे. कुरुंदवाडहून अण्णांचे भाऊबंद आलेत, डोंगरावरनं धनगरवाड्याची माणसं आलीत. महादेवी, पोरी, तू आईजवळ बस.

मला बोलायला उभं केलंय. मी गडमुडशिंगीचा, घरी म्हशी आहेत. मोर्चात घोषणा द्यायला सांगा, घसा बसेपर्यंत देतो. पण अण्णा गेले, हे वाक्य इतके दिवस तोंडातनं बाहेर पडत नव्हतं. आत्ता पडलं. अण्णा गेले.

बसाप्पा अण्णांना तुम्ही भांड्यांच्या दुकानामुळं ओळखता. पण गिऱ्हाईक दारात असताना दुकान या महादेवीवर, लेकीवर टाकून हा माणूस डोंगरात जायचा. कशासाठी? तिथं गवळी धनगरांचा वाडा आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तिथं म्हशी चारल्या, नाचणी केली. मग जंगल राखीव झालं आणि त्यांना सांगण्यात आलं, खाली उतरा. अण्णांचं तिथं ना शेत, ना सोयरं. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमचं काय अडलंय?" म्हणाले, "त्यांचं तूप खाताना गोड लागतंय की. मग त्यांच्या बाजूनं बोलायला काय जड हाय?"

पुढं मुंबईत जगभरच्या माणसांचा मेळावा भरला, जमिनी गेलेल्यांचा. वाड्यावरची माणसं घेऊन आम्ही गेलतो. तिथं एक बाई भेटली. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातली, तिथली मूळची. तिच्या गावाची जमीन खाणीनं घेतलेली. नाव रोसा. अण्णांनी तिची लगेच रोसाक्का केली आणि कोल्हापूरला यायचं आवतण देऊन टाकलं.

आता आपलं कोल्हापूर! पाहुणा आला की गळ्यात हार, डोक्याला फेटा आणि कानात हलगी. पाहुण्याला विचारायची आपल्यात पद्धतच नाही. रोसाक्का स्टेशनावर उतरली आणि हलगी कडाडली. फेटा बांधायला घेतला तर तिनं हात आडवा केला. अण्णा ओरडले, "लाजतीया! बांधा, बांधा!" बांधला. तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. आम्हाला वाटलं, आनंदानं. आम्ही आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. तिच्यासोबतची दुभाषी पोरगी काहीतरी सांगत होती, पण हलगीपुढं तिचं ऐकतंय कोण?

हलगी थांबली तेव्हा ऐकू आलं. खाणीच्या भांडणात रोसाक्काचा पोरगा मारला गेला होता. त्यांच्यात बायका कायम टोपी घालतात. घरातलं माणूस गेलं की वर्षभर डोकं उघडं ठेवायचं, दारात वाद्य वाजू द्यायचं नाही. आणि आम्ही फेटा बांधून हलगी वाजवत होतो.

मंडळी, स्टेशनाबाहेर पुढं जे झालं ते मी विसरणार नाही. अण्णांनी स्वतःच्या हातानं फेटा सोडवला. मग स्वतःची टोपी काढली. म्हणाले, "अक्का, चुकलं माझं." ती बाई काय म्हणाली? "राहू दे. माझ्या पोराला ढोल आवडायचा." अण्णा लहान लेकरागत रडले. आणि म्हणाले, "तुझी जमीन तुला परत मिळंपर्यंत माझं बी डोकं उघडं." तिनं सांगितलं, आमची रीत वर्षाचीच आहे. अण्णा म्हणाले, "असू दे. माझी मोठी हाय."

तेव्हापासून या माणसानं टोपी घातली नाही, फेटा घेतला नाही. किती सत्कार नाकारले! लोक म्हणाले, शिष्ट झालाय. महादेवीच्या लग्नात बाप मांडवात बोडका उभा. व्याही रुसले. अण्णा त्यांच्या पाया पडले, पण फेटा घेतला नाही.

तिकडं रोसाक्काच्या गावाची कोर्टात तारीख असली की आम्ही इथं बिंदू चौकात फलक घेऊन उभे. जाणारे-येणारे हसायचे. "अण्णा, तिकडच्या डोंगराचं तुम्हाला काय पडलंय?" अण्णा हसून म्हणायचे, "पावणं, उन्हात कशाला उभं? या की सावलीला, सांगतो." आणि वाड्याला उठायची नोटीस आली, तेव्हा रोसाक्काचं गाव तिथल्या आपल्या वकिलातीसमोर उभं राहिलं. हातात मराठी फलक. 'वाडा हलणार नाही.' अक्षरं बघून बघून काढलेली, त्यातला ड उलटा. तो फोटो अण्णांनी दुकानात देवाशेजारी लावला. वाडा अजून हललेला नाही. पण जमीन नावावर झालेली नाही. वाड्याचीही नाही आणि रोसाक्काचीही नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. अण्णा गेले तेव्हा काहीच मिळालेलं नव्हतं.

म्हणून ते गेले त्या दिवशी घरात वाद झाला. त्यांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात, विभूती लावतात, डोक्याला रुमाल बांधतात. भाऊबंद म्हणाले, "बोडका कसा पाठवायचा? आमच्यात न्हाय चालत." महादेवी म्हणाली, "माझ्या अप्पांनी शब्द दिलाय. तो मी मोडणार न्हाई." दोघांचंही खरं होतं. अण्णा भिंतीला टेकून बसलेले, आणि आम्ही त्यांच्यासमोर भांडत होतो. शेवटी महादेवीनं फोन लावला, त्या दुभाषी पोरीमार्फत थेट रोसाक्काला. विचारलं, "आमच्या अप्पांचं डोकं झाकू का?"

अण्णा गेल्याची बातमी तिकडं आधीच पोचली होती. पलीकडनं उत्तर आलं. "झाक. त्यानं खूप वर्षं उघडं ठेवलं. आता ते आमच्याकडं. आज गावातल्या सगळ्या बायकांनी टोप्या उतरवल्यात."

महादेवीनं स्वतःच्या हातानं रुमाल बांधला.

मंडळी, मला शेवटचं एवढंच सांगायचंय. रोसाक्का सोडली तर त्या बायकांनी कोल्हापूर पाहिलेलं नाही. आपलं गाव नकाशात कुठं आहे हेही त्यांना ठाऊक नसेल. पण आज त्या बोडक्या डोक्यानं बाजाराला जातील. वाटेत कुणी विचारेल, "तुझं कोण गेलं गं?" आणि ती बाई सांगेल, "भाऊ गेला."

उठा, मंडळी. आज हलगी नको, घोषणा नको. आपल्याला गप्प बसायची सवय नाही, पण थोडा वेळ नुसते उभे राहूया.