मेट्रनबाईंची पेशंट

कडक? आतल्या बाई कडक? अहो, काय सांगता! सरका जरा, बसू द्या मला... हं. आत्ता ते गृहस्थ बाहेर आले ना, 'बाई फार बोलतात' म्हणत गेले ते, त्यांना म्हणावं, नशीब समजा, बोलतात तरी! पूर्वी नुसत्या बघायच्या. आणि त्यांनी बघितलं की माणसाच्या हातातलं बिस्किट आपल्या पायांनी पुड्यात परत जायचं! तुम्हाला सांगतो, आत बसल्यात त्या निम्म्यानं मवाळ झालेल्या बाई आहेत. मूळ माल तुम्ही पाहिलाच नाहीत. मी पाहिलाय. आई आहे माझी!

हो हो, सख्खी.

याच हॉस्पिटलात मेट्रन होती. पुरुषांचा सर्जरीचा वॉर्ड. नातेवाईक काय काय लपवून आणायचे... उशीखाली केक, चादरीत चिप्स, आणि एका पठ्ठ्यानं तर पायाच्या प्लास्टरमध्ये, प्लास्टरमध्ये हो, टॉफ्या कोंबल्या होत्या! आई दारातून आत यायची, नाक जरासं वर करायची, आणि सरळ त्याच कॉटपाशी. "काढा." बस्स, एवढंच. हे एवढाले मिशीवाले गडी, मुकाट्यानं काढून द्यायचे.

आणि हीच बाई घरी? घरी सगळं उलटं! ड्युटीवर जन्मभर उभ्यानं जेवलेली. एक घास घेतला की घंटी, दुसरा घेतला की कोणाचं तरी सलाईन संपलं. त्यामुळे रिटायर झाली त्या दिवशी खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "आता मी बसून खाणार." आणि बसली की हो! त्यात आमचे बाबा. बाबा बस ड्रायव्हर. हिच्या आणि त्यांच्या ड्युटीचं कधी जमलंच नाही. ही घरात शिरतेय तोवर ते चपला घालतायत. भेट कुठे? तर या हॉस्पिटलसमोरच्या थांब्यावर! बस उभी करायची, खिडकीतून क्रीमरोलचा पुडा हातात द्यायचा, "खा गं वेळेवर", आणि गियर टाकायचा. झाला संसार! म्हणजे तो काय नुसता पुडा होता का? त्यांना दुसरं काही बोलताच यायचं नाही हो! मग रिटायर झाले, दोघं दिवसभर समोरासमोर, तरी संध्याकाळी पुडा आहेच. वजन वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, ती जिना चढायला लागली की खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघायचे... आणि पुडा चालूच. दिसत सगळ्यांना होतं. पण तिला बोलणार कोण?

मग एका ओळखीच्यांकडे गेलो. त्यांचा नवाकोरा सोफा, असा खोल, की माणूस बसत नाही, बुडतो. आई बुडाली. निघायची वेळ झाली, आणि उठता येईना. मी एका हाताला, बाबा दुसऱ्या हाताला, यजमान पाठीमागून "हं, जोर लावा!"... अहो, सोफा उठला, आई नाही उठली! शेवटी कशीबशी निघाली. सगळे हसले. तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं हसली. घरी आल्यावर बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि कितीतरी वेळ बाहेरच आली नाही. नळाखाली बादली भरून वाहत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं. आणि दुसरंही ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर. ते इथे शिकाऊ होते तेव्हा आईच्या शिव्या खाऊन मोठे झालेले. एक्स-रे बघितला, चष्मा काढला, म्हणाले, "सिस्टर, ऑपरेशन लागेलसं दिसतंय. पण आधी वजन उतरवा." आई म्हणाली, "या वयात काय उतरणार?" तर डॉक्टर काय म्हणावेत? "कारणं घरी ठेवून यायची, वॉर्डात आणायची नाहीत." तिचंच वाक्य! जसंच्या तसं! बिचाऱ्यानं इतकी वर्षं पोटात सांभाळून ठेवलं होतं बहुतेक.

इथून पुढे सूत्रं माझ्या बायकोच्या हातात. ती गणिताची शिक्षिका. तिच्याकडे उत्तर एकच असतं, बरोबर किंवा चूक! साखर बंद. लोणी बंद. पाव बंद, बिस्किट बंद, कपाटाला कुलूप. ताटात काय, तर उकडलेला फ्लॉवर आणि उकडलेलं गाजर, आणि बदल म्हणून, गाजर आणि फ्लॉवर. "आई, तुमच्याच भल्यासाठी आहे हो." आई म्हणायची, "हो गं बाई, कळतंय मला." आणि किती गुणाची पेशंट! तक्रार नाही, काही नाही. वजन तेवढं जागचं हलेना. उलट वाढलं! फ्लॉवर खाऊन वजन वाढलेली जगातली पहिली बाई आमच्या घरात!

मग एके दिवशी बायकोला सुई हवी होती म्हणून तिनं आईची विणकामाची पिशवी उघडली. लोकरीच्या गुंड्यांत, अगदी आत, चॉकलेटं. आता मला सांगा, प्लास्टरमधून टॉफ्या काढणाऱ्या मेट्रनच्या लोकरीतून चॉकलेटं निघाली! बायको पिशवी घेऊन माझ्याकडे. मी म्हटलं, "तूच बोल." ती म्हणे, "आई तुमची आहे." मी म्हटलं, "डाएट तुझं आहे." पण तिला बोलणार कोण?

कोणी बोलायच्या आधी बाबाच बोलले. जन्मात आवाज न चढवलेला माणूस कडाडला, "उपाशी मारताय तिला! आयुष्यभर दुसऱ्यांची पथ्यं सांभाळली, आता दोन घास सुखानं खाऊ द्याल की नाही?" आणि कुलूप काढून गेले ते तडक बेकरीत. मग काय, कर्फ्यू उठल्यासारखं झालं! केक, क्रीमरोल, खारी, आइस्क्रीम. "खा गं, मी आहे." आणि ती खात सुटली. पण तुम्हाला सांगतो, तिच्या तोंडावर चव दिसेना. रागानं खाल्लेल्याला चव असते का कुठे?

एका सकाळी गुडघा असा सुजला, की पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत वेळेत पोचता आलं नाही तिला. जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी बदललेल्या बाईची चादर बाबांनी बदलली. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि बाबा चादरीचा कोपरा खोचत होते, चुकीचा. तिनं तो बघितला. म्हणाली, "असा नाही. तिरका घ्या." बस्स. त्या वाक्यात आमची मेट्रन परत आली बघा!

दुपारी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. छातीवर ड्युटीचं घड्याळ लावलेलं! मला म्हणाली, "पाठ सरळ." मी केली. मग बोलायला लागली, "या घरात एक पेशंट आहे. तिला सूनबाईनं उपाशी ठेवली आणि नवऱ्यानं खाऊ घालून झोपवली. दोघांचा जीव आहे तिच्यावर, हे मला ठाऊक आहे. पण पेशंटला विचारलं का कोणी? आजपासून पेशंट माझी." बाबा म्हणाले, "अगं, पेशंट तर तूच..." "मध्ये बोलायचं नाही!"

मग म्हणाली, "वॉर्डात मी एक बघितलंय. ज्याला सगळं तोडलं, त्याच्या उशीखाली हमखास काहीतरी सापडायचं. एक म्हातारबुवा होते, चहासाठी रडायचे. डॉक्टरांना विचारून मी त्यांना सकाळी अर्धा कप दिला, गोड. त्यांच्या उशीखाली कधी काही मिळालं नाही. इतरांची झडती घेत राहिले मी, आणि हे काही डोक्यात शिरलं नाही माझ्या." नियम ठरले. रोज साधं जेवण, पण चवीचं. "सूनबाई, फ्लॉवरला मीठमिरी लागली तर गणित चुकत नाही." आधी भाजी, मग बाकीचं. खायचं ते बसून. आणि रविवारी एक गोड पदार्थ, एकच, पण बशीत घेऊन, सगळ्यांसमोर, मान वर करून. लपवाछपवी बंद.

बाबांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "मग मी रोज संध्याकाळी आणू काय तुला?"

ती म्हणाली, "काही आणू नका. मला न्या."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं बाहेर. आधी गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग पार बागेपर्यंत. बाबांना जन्मात कधी पायी चालायची सवय नाही, वळणावर अजून हात बाहेर काढतात! मध्ये घसरलीही हं ती. शेजारणीकडे वाढदिवसाला केकचे दोन मोठे तुकडे हाणून आली, आणि आल्या आल्या स्वतःच सांगितलं. बायकोचा चेहरा लाल पेनासारखा! तर आई म्हणते, "पेशंटला एकदा ताप चढला तर लगेच डिस्चार्ज देतात का? रात्री सूप. उद्यापासून परत नेहमीचं." यावर काय बोलणार? आणि मुळात तिला बोलणार कोण?

तर पुढच्या तपासणीला मीच आणलं होतं तिला. डॉक्टर एक्स-रे बघत होते. ती खुर्चीतून उठली. हात न टेकता, कोणाला न धरता, नुसती उठली आणि खिडकी लावून आली, वारा येत होता म्हणून! तिला कळलंही नाही आपण काय केलं ते. डॉक्टर बघतच राहिले, आणि मग तेही उठून उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, ऑपरेशनची घाई नको आता. पण एक काम करा. माझे पेशंट माझं ऐकत नाहीत. आठवड्यातून एक सकाळ इथे बसाल?"

तुम्हाला सांगतो, मला तिथे... जाऊ दे. धूळ फार असते हॉस्पिटलात.

तेव्हा घाबरू नका. खरं तेवढं सांगा. चॉकलेट खाल्लं असेल तर खाल्लं म्हणा, ती रागावत नाही. लपवलंत तर मात्र... नाक अजून शाबूत आहे तिचं!

काय म्हणता? मी तिला घरी न्यायला आलोय? छे हो! न्यायला बाबा येतात, बाहेर थांब्यावर उभे असतील आत्ता. मी? अहो, हे माझं पोट बघा ना. घरी विचारलं होतं तिला, "आई, मलाही काहीतरी सांग ना खाण्यापिण्याचं." तर म्हणाली, "घरी मी पेशंट तपासत नाही. नंबर लावून ये."

...तुमच्यानंतर मीच आहे.