अपेंडिक्सचा वाटा

ओरोसच्या नव्या कचेरीतले कारकून गुरुदास स्वतःच्या ऑपरेशनच्या कागदावर न वाचताच सही ठोकून दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी नर्स मासे विकणाऱ्या सत्यवतीला समजावत होती.

“मावशी, पित्ताचे खडे काढताना अपेंडिक्सही काढतील. निरुपयोगीच असतं.”

“दुखता काय ता माजा?”

“नाही. रोगजंतूंशी लढतं म्हणतात थोडंफार, पण—”

“लडता मा? मगे? आमच्या गुणाजीआज्याक रापणीचा जाळा ओढूक जमणा नाय, नुसतो वाळूत बसान दर्याकडे बघता. तरी जाळ्यात गावलेल्या म्हावऱ्यात त्याचो वाटो आसा. वारो फिरलो की पयली बोंब त्याचीच!”

“कागदावर अंगठा द्या ना, मावशी.”

“आदी ती अपेंडिक्साची ओळ खोड, मगे अंगठो.”

नर्सने ओळ खोडली.

“सिस्टर,” गुरुदास उठले, “माझा कागद द्या जरा. वाचायचा राहिलाय.”