सचिवांची कात्री

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कन्या छात्रालयाच्या संस्थापिका आदरणीय लाडकुंवर काकीजी, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, अधीक्षिका चेलनाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले माळी भिकननाना, त्यांच्या सौभाग्यवती ताईबाई, शिंदखेड्याहून गाडी करून आलेले नानांचे पाहुणे, आणि जेवणाचा वास येत असूनही गप्प बसलेल्या माझ्या मुलींनो!

मी प्रेमराज, या संस्थेचा सचिव. चेलनाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि घंटा स्वतःच्या मांडीवर ठेवली आहे. माझ्यावर त्यांचा किती विश्वास आहे ते यावरून कळेल.

नाना इथं एकतीस वर्षं होते. पण मी बोलणार आहे शेवटच्या दहा वर्षांवर आणि एका झाडावर. काकीजींनी महाबळेश्वरहून हायड्रेंजियाचं रोप आणलं. फांदीच्या टोकाला शेकडो चिमुकल्या फुलांचा नारळाएवढा गेंद येतो, तेच ते. जळगावच्या उन्हात ते जगेल का? आम्ही सगळे नाही म्हणालो. नानांनी ते कडुनिंबाच्या पूर्वेला लावलं, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारची सावली. बुडाशी केळीची वाळलेली पानं अंथरली. झाड जगलं, हिरवंगार झालं. काकीजी म्हणाल्या, "भिकन, मला याचं फूल बघायचंय." नाना म्हणाले, "रिटायर व्हायच्या आत दाखवतो." त्या वेळी त्यांच्या निवृत्तीला दहा वर्षं होती.

आणि मग, मित्रहो, त्या झाडाच्या आयुष्यात मी आलो.

मी एरंडोलला गुलाब छाटणीचं एक दिवसाचं शिबिर केलं आहे. प्रमाणपत्र माझ्या दुकानात गादीच्या वर फ्रेम करून लावलंय, गिऱ्हाइकांनी पाहिलंय. शिवाय मी चौमासा पाळतो, चार महिने हिरवी भाजी खात नाही. ते माझ्या ताटापुरतं होतं हो! पण उत्साहाच्या भरात मी फर्मान काढलं की चौमासाभर आवारात कात्री बंद. कार्तिकी पुनम झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः कात्री घेऊन हजर, आणि गुलाब असो की हायड्रेंजिया, सगळ्यांची अर्ध्यावर हजामत.

पहिल्याच वर्षी नाना आडवे आले. "शेठ, याले आते नका कापा. हाई झाड पोटुशी शे. बठ्ठ्या कळ्या काड्यासना पोटमा शेतस." त्यांचं म्हणणं असं की हे झाड पुढच्या वर्षाच्या कळ्या पावसाळा सरता सरता जुन्या फांदीतच धरतं. मी म्हटलं, नाना, शिबिर तुम्ही केलंय की मी?

नऊ वर्षं मी ते झाड छाटलं. नऊ वर्षं एक फूल आलं नाही. आणि नऊ वर्षं मी वार्षिक सभेत उभा राहून सांगितलं की माळ्याच्या हलगर्जीमुळे झाड फुलत नाही. ताईबाई तेव्हा मागं चहा देत असायच्या. त्यांनी माझा चहा कधी कमी गोड केला नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

मध्येच एका वर्षी निळी फुलं हवीत म्हणून मी बुडाशी कपड्यांची नीळ ओतली. नाना आले, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "शेठ, हाई झाड शे, तुमना सदरा नही."

मागच्या वर्षी मी ठराव केला. या उन्हाळ्यापर्यंत फुललं नाही तर झाड उपटायचं आणि तिथं स्कूटरींसाठी शेड टाकायची. नानांचं शेवटचं वर्ष. ते पहिल्यांदाच माझ्या दुकानात आले, म्हणाले, एक वर्ष कात्री लावू नका, मग काय ते करा. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

आणि दिवाळीच्या साफसफाईत मी पोटमाळ्यावरून पडलो. उजवा हात प्लास्टरमध्ये!

नाना डझनभर केळी घेऊन भेटायला आले. माझ्या प्लास्टरकडे इतक्या प्रेमानं आजवर कोणी पाहिलेलं नाही. विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, सहा आठवडे. म्हणाले, "घाई नका करा, शेठ." मी छाटणी करायला सांगितलं, तर "बरं" म्हणाले. गुलाब छाटले आणि हायड्रेंजियावर गोणपाट टाकला. विचारलं तर म्हणे, त्याला थंडी वाजते. होळीपर्यंत थंडी वाजत होती!

होळीनंतर गोणपाट निघाला. मार्चअखेर सतरा गेंद आले, गुलाबी. काकीजी काठी टेकत आल्या, खुर्ची मागवली आणि सकाळभर तिथंच बसून राहिल्या. मी मात्र झाडाशेजारी फोटो काढून घेतला, खाली मथळा लिहिला, 'सचिवांच्या परिश्रमांना यश'. काकीजींनी तो फोटो पाहिला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "प्रेमराज, यंदा तू वेगळं काय केलंस?"

मी म्हटलं, "काकीजी, यंदा हातच मोडला होता. काहीच नाही केलं."

"तेच," काकीजी म्हणाल्या.

त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. हो, हसा तुम्ही. पण मला खरंच फार लाज वाटली.

आज सकाळी नानांनी मला झाडाशी नेऊन शिकवलं. फुलं सुकली की लगेच, चौमासा लागायच्या आत, फक्त सुकलेला गेंद दोन पानं ठेवून काढायचा. मेलेली काडी बुडातून काढायची. मग वर्षभर हात खिशात.

आता भेटवस्तू. मंडळानं नानांना विचारलं, काय हवं? नाना म्हणाले, "शेठनी कात्री माले द्या." माझीच कात्री! मी सुखावलो. म्हटलं, गावी बाग करणार वाटतं? तर म्हणाले, "नही शेठ. मन्हा कडे सोतानी शे. फक्त तुमना कडे नको."

चेलनाताई, घंटा थांबवा, एक काम राहिलंय. नऊ सभांच्या इतिवृत्तात जिथं जिथं 'माळ्याची हलगर्जी' लिहिलंय, तिथं 'सचिवांची हलगर्जी' असं लिहावं, असा ठराव मी मांडतो. काकीजी, अनुमोदन? काकीजींनी दोन्ही हात वर केले आहेत. ताईबाईंनीसुद्धा. ठराव मंजूर!

सर्वांचे आभार. भाषणात काही उणंदुणं बोललो असेन तर ते जेवणाबरोबर विसरून जा. पण त्या नऊ कार्तिकांची माफी मी मागतो, ती तुमच्याकडे नाही. नाना, तुमच्याकडे मागतो. चुकलो मी. या, पुढे या. ही घ्या कात्री.

ओढू नका नाना, देतोय. सवय आहे हो हाताला... सोडतो, सोडतो.

सोडली.